दुसऱ्या माणसाचा होकार

(भातकुली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाच्या जन्मकथेपासूनच मला आजचा विषय मांडता येईल. परंपरा सांगते की भातकुली म्हणजे रुक्मीचे भोजकट. विदर्भाचा राजा भीष्मक, त्याची राजधानी कुंडिनपूर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडण्यपूर. त्याची मुलगी रुक्मिणी, मुलगा रुक्मी. बहिणीचे लग्न शिशुपालाशी लावायचे, असे भावाने ठरवले. बहिणीने कृष्णाला निरोप पाठवला आणि ती त्याच्याबरोबर निघून गेली. रुक्मीने प्रतिज्ञा केली की कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. सैन्य घेऊन तो मागे धावला, हरला, बहिणीच्या विनवणीमुळे जिवंत सुटला आणि प्रतिज्ञेने बांधलेला असल्यामुळे घरी जाऊ शकला नाही. त्याने वाटेत नवे नगर वसवले. तेच भोजकट. पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला. त्यात 'भोजकट राज्य' असा उल्लेख आहे. म्हणजे हे नाव या मातीत किमान दीड हजार वर्षे नांदते आहे.

पुराणातला रुक्मी पुढे याच भोजकटात मेला. नातीचे लग्न होते, कृष्णाचा नातू अनिरुद्ध नवरदेव होता. लग्नघरात द्यूताचा डाव मांडला गेला, रुक्मीने बलरामाची चेष्टा केली, डाव आपणच जिंकला असा खोटा दावा केला आणि बलरामाने त्याला तिथेच ठार केले. जुना सल मनात घेऊन जगणाऱ्या माणसाचा मंगलकार्याच्या मांडवात झालेला हा शेवट आहे.

आपल्या मर्जीने निघून गेलेल्या बाईला परत आणायचे, आणि त्यासाठी रक्त सांडावे लागले तरी चालेल, ही ती प्रतिज्ञा. रुक्मीच्या मनात कुळाचा मान होता. पुष्कळांच्या मनात वासना असते. वाट मात्र तीच असते. मी आज दोन प्रकरणे मांडणार आहे. एक महाभारतातले, ज्याच्या खुणा आपल्या जिल्ह्यात दाखवल्या जातात. दुसरे शंभर वर्षांपूर्वी मुंबईत घडलेले, ज्यात एका मराठी राजघराण्याची गादी हलली. दोन्हींत निषिद्ध वासनेतून कट शिजला आणि तो कट करणाऱ्यांवरच उलटला. 'पाप उलटते' एवढेच सांगायला मात्र मी आलेलो नाही. ते कीर्तनात आपण पुष्कळदा ऐकले आहे. एका माणसाची वासना दुसऱ्या माणसाच्या होकाराशिवाय कट होऊ शकत नाही, हे मला सांगायचे आहे. म्हणून आज वासना धरणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे आपण जास्त वेळ पाहू.

विराटाच्या दरबारात

चिखलदऱ्याला आपण सगळे जाऊन आलो आहोत. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले ती ही दरी, भीमाने रक्ताचे हात धुतले ते भीमकुंड, आणि वरचे वैराट म्हणजे विराटाचे ठिकाण, असे तिथे सांगतात. विराटाचा मत्स्य देश नेमका कुठे हा वाद पंडितांनी करावा. मेळघाटातल्या लोकांनी ही कथा आपल्या डोंगराला जोडून ठेवली याचे मोल मला जास्त वाटते. बाईवर हात टाकणाऱ्याचे काय होते, हे त्यांनी दरीच्या रूपाने मुलाबाळांना दाखवत ठेवले.

कथा आपल्याला माहीत आहे असे वाटते, पण तिच्यातली दुसऱ्या माणसांची भूमिका आपण वाचत नाही. अज्ञातवासातली द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेकडे कामाला राहिली. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती. राज्य विराटाचे असले तरी बळ कीचकाचे होते. त्याने सैरंध्रीला मागणी घातली. ती म्हणाली, मी परस्त्री आहे, माझ्या वाटेला जाऊ नकोस. कीचक बहिणीकडे गेला. आता सुदेष्णेने काय केले पाहा. तिनेच भावाला युक्ती सांगितली की सणाच्या दिवशी मद्य आणि पक्वान्ने करून ठेव, मी तिला मद्य आणायच्या निमित्ताने तुझ्याकडे पाठवते. सैरंध्री राणीच्या विनवण्या करत राहिली, दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणाली. राणीने तिच्या हातात झाकणाचे सोन्याचे पात्र दिले आणि सांगितले, मी पाठवते आहे म्हटल्यावर तो तुला काही करणार नाही.

हा पहिला होकार आहे. सुदेष्णेने कोणाला मारले नाही, कोणाला हात लावला नाही. तिने फक्त एका बाईला एका दाराशी पाठवले.

कीचकाने हात धरला, सैरंध्री झटकून पळाली आणि थेट दरबारात आली. तो मागोमाग आला आणि भर सभेत राजाच्या डोळ्यांदेखत त्याने तिला लाथ मारली. तिने राजाला न्याय मागितला. विराट म्हणाला, तुमच्यात आमच्या पाठीमागे काय झाले ते मला ठाऊक नाही. हा दुसरा होकार. राजाने मान हलवली नाही, नुसते हात झटकले, आणि कीचकाला जे समजायचे ते समजले. सभेत बसलेल्या युधिष्ठिरानेही तिला रडून द्यूताचा खेळ मोडू नकोस असे सांगितले. त्याला ओळख लपवायची होती, हे खरे. पण त्या क्षणी त्या सभेतला कोणीही द्रौपदीच्या मदतीला पुढे आला नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या रात्री ती स्वयंपाकघरात भीमाकडे गेली. नर्तनशाळेत काय झाले ते आपण जाणता. कीचकाच्या देहाचा गोळा झाला, हातपाय कुठे आणि डोके कुठे हे ओळखू येईना.

इथे आपली कथा सहसा संपते. महाभारतात मात्र पुढचा प्रसंग अधिक भयंकर आहे. कीचकाचे भाऊबंद जमले. सैरंध्री तिथे खांबाला टेकून उभी होती. ते म्हणाले, हिच्यापायी आमचा भाऊ गेला, त्याच्या प्रेताबरोबर हिला जाळू, मेल्यावर तरी त्याची इच्छा पुरी होऊ दे. त्यांनी विराटाची परवानगी मागितली आणि विराटाने ती दिली. त्यांच्या बळापुढे तो नमला. हा तिसरा होकार, आणि हा राजाच्या तोंडून निघालेला. तिला बांधून तिरडीबरोबर स्मशानात नेले. तिची हाक भीमाने ऐकली. स्मशानाजवळचे झाड उपटून तो आला आणि त्याने एकशे पाच जणांना ठार केले. ज्या चितेवर एका जिवंत बाईला चढवायचे होते, तिच्याभोवती तिला आणणारेच पडले. विराटाने त्या सगळ्यांचे एकाच अग्नीत दहन करायला सांगितले.

या एकशे पाच जणांना सैरंध्री हवी होती काय? तिचे नावही त्यांना नीट ठाऊक नसेल. वासना एकाची होती आणि तो मेलाही होता. भाऊ म्हटला की उठायचे, एवढ्यावर ते उठले आणि मेले.

आणि विराटाने सगळ्यात शेवटी काय केले? राणीकरवी सैरंध्रीला निरोप दिला की बाई, तू आता इथून जा, आम्हांला तुझी भीती वाटते. जिच्यावर हात टाकला गेला, जिला जाळायला नेले, तिलाच गाव सोडायला सांगितले. आजही एखाद्या घरी असे काही घडले की मुलीची शाळा बंद होते, तिला मामाच्या गावी धाडतात, घाईने लग्न उरकतात. विराटाचा तो निरोप अजून फिरतोच आहे.

मलबार हिलचे वळण

आता १९२५ साली येऊ. १२ जानेवारीची संध्याकाळ, मुंबईचे मलबार हिल. अब्दुल कादिर बावला नावाचा पंचविशीतला श्रीमंत मेमन व्यापारी, मुंबई महापालिकेचा सदस्य, आपल्या मोटारीतून फिरायला निघाला होता. बरोबर त्याचा व्यवस्थापक मॅथ्यू, मोटारचालक आणि मुमताज बेगम ही तरुणी. मागून एक लाल मॅक्सवेल मोटार आली, तिने बावलांच्या मोटारीला धडक दिली. त्यातून माणसे उतरली आणि त्यांनी मुमताजला ओढून आपल्या मोटारीत घालण्याचा प्रयत्न केला. बावला आडवे आले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताजच्या तोंडावर चाकूचे वार झाले.

योजना मोठ्या शहरात आखलेली होती, माणसे तयारीची होती, हत्यारे होती, मोटार होती. तिच्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी त्या संध्याकाळी रस्ता चुकले आणि नेमके तिथे पोचले. त्यांतल्या लेफ्टनंट सेगर्टने मोटार थांबवली, हातात गोल्फची काठी घेतली आणि पिस्तुलांसमोर तो धावून गेला. गोळ्या लागूनही तो मागे हटला नाही. त्याचे सोबतीही उतरले. मुमताज वाचली, हल्लेखोरांपैकी काही जागच्या जागी धरले गेले. बावला मात्र वाचले नाहीत.

मुमताज कोण होती? लहान वयापासून इंदूरच्या दरबारात ठेवलेली गायिका-नर्तकी. इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या पदरी ती जवळपास दहा वर्षे होती. न्यायालयात तिने सांगितले की तिच्यावर पहारा असे, तिला तिथे राहायचे नव्हते, तिला मुलगी झाली आणि ती मुलगी दायांनी मारली. महाराजांच्या लवाजम्याबरोबर मसुरीला जात असताना ती दिल्ली स्टेशनवर उतरली आणि तिने परत जायचे नाकारले. पुढे ती मुंबईला आली आणि बावलांच्या आश्रयाला राहिली. धमक्या येत होत्या. धमक्या देणाऱ्यांना तिला परत इंदूरला न्यायचे होते.

पोलिसांच्या तपासाच्या वाटा इंदूरकडे गेल्या. धरलेल्यांत शफी अहमद हा इंदूरच्या घोडेस्वार पोलिसांतला माणूस होता, शामराव दिघे इंदूरच्या सैन्यातले कॅप्टन होते, आणि सरदार आनंदराव फणसे हे संस्थानाचे अ‍ॅडज्युटंट जनरल. नऊ आरोपींवर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प आणि जूरी यांच्यापुढे खटला चालला. फणशांच्या बचावाला बॅरिस्टर महंमद अली जिना उभे होते. चेहऱ्यावर व्रण घेऊन मुमताजने साक्ष दिली. २३ मे १९२५ ला निकाल लागला. शफी अहमद, दिघे आणि पुष्पशील पोंडे या तिघांना फाशी, चौघांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा आणि दोघांची सुटका. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तरी कटाचा निकाल टिकला. हल्ल्याचा उगम इंदुरात असल्याचे न्यायमूर्तींनीही सांगितले. त्यामागचा हुकूम नेमका कोणाचा, हे मात्र न्यायालयापुढे सिद्ध झाले नाही.

महाराजांवर खटला झाला नाही, आणि त्यांचा गुन्हा कधी शाबीत झाला नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. संस्थानिकाला साध्या कोर्टात उभे करता येत नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले: चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी मुलगा यशवंतराव याच्यासाठी गादी सोडली. चौकशी झाली नाही. पुढे १९२८ साली त्यांनी एका अमेरिकन तरुणीशी लग्न केले आणि ते १९७८ साली पॅरिसमध्ये वारले.

ही गादी कोणाची होती? जेजुरीजवळच्या होळ गावच्या मल्हाररावांची आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चोंडीच्या अहिल्याबाईंची. ज्या घराण्याचे नाव न्यायाच्या दाखल्यासाठी घेतात, त्याच घराण्याच्या एका वारसाला शंभर वर्षांपूर्वी न्यायाच्या दारात जाण्यापेक्षा गादी सोडणे सोयीचे वाटले. एका मराठी माणसाला याची लाज वाटावी, आणि मला ती वाटते.

कोणी किती मोजले

या प्रकरणात किंमत कोणी मोजली, याचा हिशेब लावू. एक निरपराध तरुण जिवानिशी गेला. एका बाईच्या तोंडावर जन्माचे व्रण राहिले. तिघांना फाशीची शिक्षा झाली, चौघांना जन्मठेप. त्यांच्या घरी आई असेल, बायको असेल, पोरे असतील. त्या पोरांना बापाबद्दल काय सांगितले गेले असेल? ज्याच्या दरबारासाठी हे सगळे घडले असे लोक म्हणत, त्याची गादी गेली. ही किंमत लहान नाही, पण माणूस पुढे अर्धशतक जगला. कट सगळ्यांवर उलटतो, सारखा उलटत नाही. वर बसलेल्याचा मान जातो आणि खाली धावलेल्याचा जीव.

कीचकाच्या कथेतही हेच आहे. कीचक गेला, पण त्याच्यामागून एकशे पाच गेले. सुदेष्णा राणी राहिली, विराट राजा राहिला.

मग शफी अहमद किंवा दिघे यांनी हो का म्हटले? हे लोक गुंड नव्हते. गणवेशातली माणसे होती, हुद्द्यावरची होती. त्यांच्या मनात मुमताजबद्दल काही नव्हते. त्यांना सवय होती ती आज्ञा पाळण्याची. दरबारात माणूस मोठा कसा होतो? धन्याच्या मनातले न सांगता ओळखून. धन्याने 'मार' असे म्हणावे लागतच नाही. 'ती परत आली पाहिजे' एवढा शब्द कानावर पडतो, किंवा तोही पडत नाही, नुसती नाराजी दिसते. मग खालचा माणूस मोटार मिळवतो, त्याच्या खालचा पिस्तूल. प्रत्येकाला आपला वाटा लहान वाटतो. सुदेष्णेलाही आपला वाटा लहान वाटला होता.

आपण ज्याला मोठा गुन्हा म्हणतो तो असाच लहान लहान वाट्यांनी घडतो, आणि त्याच कारणाने तो उलटतोही. कटाला जितके हात, तितकी तोंडे, तितकेच माग. मोटार कोणाकडून तरी आणावी लागते, मुक्काम कुठेतरी करावा लागतो, पैसा कोणालातरी मोजावा लागतो. वासना जितकी मोठी, तितकी माणसे जास्त लागतात, आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर पकडले जाण्याची वाट रुंद होते. दुसरे म्हणजे, ज्या बाईचे मन कट करणारे मोजत नाहीत तिचीच जीभ त्यांना बुडवते. कीचकाने धरले होते की सैरंध्री गप्प राहील. मलबार हिलवर आलेल्यांनी धरले होते की मुमताज पुन्हा इंदुरात पोचेल आणि तिचे म्हणणे कोणाच्या कानी पडणार नाही. बाईला वस्तू समजणारा माणूस तिला साक्षीदार म्हणून मोजतच नाही. तिथेच त्याचा हिशेब चुकतो.

आपला आणि परका कीचक

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'कीचकवध' नाटक रंगभूमीवर आणले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदुस्थान दिसला, आणि १९१० साली इंग्रज सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली त्यावर बंदी घातली. मराठी रंगभूमीच्या अभिमानाची ही गोष्ट आहे. कीचक आपल्याला तेव्हा अचूक ओळखता आला, कारण तो परका होता. मलबार हिलवर मात्र तीच कथा इंग्रजांनी लिहिली नव्हती. बाईला ओढणारे आपल्या दरबारातले होते, आणि तिच्यासाठी धावून आलेले परके होते. परका कीचक ओळखणे सोपे. गावातला, घरातला, आपल्या जातीतला, आपल्या पक्षातला कीचक ओळखायला जास्त धैर्य लागते.

मी मघाशी चम्मकच्या ताम्रपटाचा उल्लेख केला. त्यात प्रवरसेनाने हजार ब्राह्मणांना गाव दान देताना अटी घातल्या आहेत: राज्याशी द्रोह करायचा नाही, ब्रह्महत्या, चोरी, परस्त्रीगमन करायचे नाही, तरच दान टिकेल. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या भोजकट राज्यात, जे राजाकडून लाभ घेतात त्यांच्या वागणुकीवर अशी अट होती. स्वतः राजावर मात्र ताम्रपटात अट नाही. विराटावर नव्हती, तुकोजीरावांवरही नव्हती, ते सामान्य कोर्टाच्या बाहेर होते. आता आपण प्रजासत्ताकात आहोत. कायद्यापुढे कोणी वरचा नाही, असे आपण १९५० पासून लिहून ठेवले आहे. ते लिहिलेले खरे होणार की नाही, हे दुसऱ्या माणसावर अवलंबून आहे.

दुसरा माणूस, दोन्ही बाजूंना

आता मी तुमच्यापुढे, विशेषतः मागे उभ्या असलेल्या तरुण मुलांपुढे बोलतो.

दुसरा माणूस नेहमी वाईटच असतो असे नाही. रुक्मिणीच्या कथेत एक सुदेव ब्राह्मण आहे. तिच्या मनात काय आहे ते लिहिलेला निरोप त्याने द्वारकेला नेला. बापाचे, भावाचे, राज्याचे भय असताना नेला. त्या एका माणसाच्या होकारावर रुक्मिणीचे स्वयंवर उभे आहे. नरेंद्र कवींपासून एकनाथ महाराजांपर्यंत मराठीने त्यावर ग्रंथ रचले. आपल्याकडे लग्नाच्या मुली चांगला नवरा मिळावा म्हणून एकनाथी 'रुक्मिणीस्वयंवर' वाचतात. त्या मुलींना आपण ही पोथी देतो, पण तिच्यातल्या मुलीप्रमाणे त्यांनी आपला निर्णय सांगितला तर घरात कोणी सुदेव होतो काय? सेगर्टही दुसरा माणूसच होता. त्याला मुमताजचे नाव ठाऊक नव्हते, धर्म ठाऊक नव्हता, तिच्या मागचा दरबार ठाऊक नव्हता. बाई ओरडते आहे एवढेच त्याने पाहिले आणि तो थांबला.

तुमच्या आयुष्यात ही वेळ दरबाराच्या रूपाने येणार नाही. ती मित्राच्या रूपाने येईल. टोळक्यातला एखादा पोट्टा एका मुलीच्या मागे लागलेला असेल. तिने नाही म्हटले असेल, किंवा ती आधी हो म्हणाली असेल आणि आता नाही म्हणत असेल. त्याला हा नकार अपमान वाटेल. तो तुम्हाला म्हणेल, 'तू नुसती गाडी घेऊन ये, बाकी आमी पाहून घेतो.' किंवा म्हणेल, 'तिचा नंबर दे', 'ती कोणत्या क्लासला जाते तेवढं सांग', 'फाट्यावर नुसता उभा राय.' हे सगळे सुदेष्णेचे सोन्याचे पात्र आहे. त्या क्षणी तुम्हाला वाटेल, मी काय करतो आहे, फक्त गाडी आणतो आहे. शंभर वर्षांपूर्वी मलबार हिलवर मोटार घेऊन गेलेल्यांनाही असेच काही वाटले असेल, आणि ते ज्यांच्यासाठी गेले त्यांनी त्यांच्या फाशीचा दोर अडवला नाही.

कायदाही हे ओळखतो. कट ही गोष्ट आपल्या दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा म्हणून १९१३ साली आली. दोघांनी गुन्हा करण्याचे ठरवले की कट झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ६१ मध्ये आहे. मुलीचा वारंवार पाठलाग करणे, फोनवर आणि मोबाइलवर तिच्या मागावर राहणे हा कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आम्लहल्ल्याला कलम १२४ खाली दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण मी तुम्हाला कलमे सांगून घाबरवत नाही. शिक्षा गुन्हा झाल्यावर येते. बावलांना शिक्षेने परत आणले नाही.

गुन्हा होण्याआधी येऊ शकतो तो दुसऱ्या माणसाचा नकार. दिघ्यांनी 'हे काम माझे नाही' म्हटले असते तर? नोकरी गेली असती, कदाचित इंदूर सोडावे लागले असते, पण ते जगले असते आणि बावलाही. सुदेष्णेने भावाला 'ती परस्त्री आहे' एवढे सुनावले असते, तर एकशे सहा जीव वाचले असते. एका नकाराने काय होईल, असे म्हणणाऱ्याला मी हे दोन हिशेब दाखवतो.

आणि नुसता नकार देऊन थांबू नका. तुमच्या कानावर असा बेत आला की ती मुलगी, तिची आई, एखादा शिक्षक, पोलीस पाटील, कोणालातरी सांगा. ११२ वर फोन लागतो, महिलांसाठी १८१ आहे. 'मी चुगली कशी करू' हा प्रश्न मनात येईल. चुगली म्हणजे दुसऱ्याचे बरे चालले ते बिघडवणे. इथे तुम्ही एका मुलीचा जीव आणि तुमच्याच मित्राचा जन्म वाचवता आहात. तो आज तुमच्याशी बोलणार नाही. वीस वर्षांनी त्याच्या पोरांसह शेतात भेटेल, तेव्हा त्याला कळेल.

वडीलधाऱ्यांनाही सांगतो. मुलगी घरी येऊन 'तो मागे येतो' म्हणाली की पहिला प्रश्न 'तू काय केलंस' असा असू नये. तिची शाळा बंद करू नका, क्लास बंद करू नका, लग्नाची घाई करू नका. तसे केले की विराटाचा निरोपच आपण तिला देतो. त्या मुलाच्या बापाकडे जा, पारावर बसलेल्या चार जाणत्यांना घेऊन जा, आणि मुलाचा बाप तुमच्या जातीचा, तुमच्या भावकीचा, तुमच्या मतांचा असला तरी जा. मुलाच्या आईबापांनाही माझे सांगणे आहे. मुलगा रात्री कुठे जातो हे विचारता तसे तो कोणासाठी जातो हेही विचारा. पुष्कळ घरांत मुलगा दुसऱ्याच्या वासनेसाठी धावतो आणि आईबापांना ते पोलीस आल्यावर कळते.

मुमताजबद्दल शेवटी एक सांगतो. त्या काळच्या पुष्कळ लोकांनी तिला नाचणारीण म्हणून सोडून दिले, तिच्या चारित्र्याची चर्चा केली. बावला प्रकरणावर त्याच वर्षी 'कुलीन कांता' नावाचा चित्रपटही निघाला. माझ्या मते या खटल्यातले सगळ्यात धीराचे माणूस तीच. एका राज्याच्या तावडीतून निसटणे, मित्राचा खून डोळ्यांदेखत पाहणे, आणि तरी कोर्टात उभे राहून जे झाले ते एका दमात सांगणे, हे सोपे नाही. तिच्या साक्षीवर राज्य हलले. तिला मान देण्यात मराठी समाज कमी पडला, ते आपण आता तरी मान्य करू.

ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवले असे मला सांगितले गेले. शिकलेल्या माणसाची ओळख मला एकच वाटते. त्याला कोणीतरी, मग तो धनी असो, मित्र असो की भाऊ असो, वाईट कामात हात मागतो, तेव्हा तो हात देत नाही, आणि ज्या बाईविरुद्ध तो हात मागितला गेला तिच्या बाजूला जाऊन उभा राहतो. भातकुलीच्या प्रत्येक शाळेतून, प्रत्येक घरातून अशी दोनदोन, चारचार दुसरी माणसे तयार व्हावीत. मग कीचक किती का जन्माला येईनात, त्यांच्या वासनेचा कट होणार नाही.